ताई, इंग्रजीच धड बोलता येत नाही, त्यात जपानी कशाला?

या वेळचं पत्र नववीत जाणाऱ्या एका मुलीचं आहे, खाली सही केलीय ‘फुल कन्फ्युज्ड’. थोडं कापून देते:

“ताई, पुढच्या वर्षी आम्हाला एक जादा विषय घ्यायचाय. जर्मन, जपानी किंवा कॉम्प्युटर. मला जपानी हवंय कारण दोन वर्षं ॲनिमे बघतेय आणि सबटायटल वाचून कंटाळा आलाय. मैत्रिणी म्हणतात जर्मन घे, स्कोअरिंग आहे. बाबा म्हणतात आधी इंग्रजी नीट कर, जगात सगळीकडे तेच चालतं आणि बाकीचं फोन ट्रान्सलेट करून देतो. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीत मला ८६ आहेत पण समोरचा इंग्रजीत बोलायला लागला की माझं तोंडच उघडत नाही. मग अजून एक भाषा घेऊन काय दिवे लावणार? शुक्रवारी फॉर्म द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.”

अगं, शुक्रवार तोंडावर आलाय म्हणून आधी उत्तर देऊन टाकते. जपानी घे. एक अट आहे, ती पुढे येईल, पण आधी त्या ८६ मार्कांबद्दल बोलू कारण तुझ्या पत्रातली खरी ठसठस तिथेच आहे, जपानीत नाही.

मी पण शाळेत जर्मन घेतलं होतं, तुझ्या मैत्रिणी सांगतात त्याच कारणासाठी. मार्क भरपूर मिळाले. टेबल तोंडपाठ होते, डेर-डी-दास, डेन-डेम (म्हणजे इंग्रजी ‘द’ ची जर्मन रूपं) सगळं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मग बऱ्याच वर्षांनी ऑफिसात एक कॉल आला, पलीकडे एक जर्मन बाई, आवाज जरा तुटत होता म्हणून तिने साधंच विचारलं, “ह्योरेन झी मिश?” म्हणजे माझा आवाज येतोय का, बास. मला तिन्ही शब्द माहीत होते! क्रियापद माहीत, सर्वनाम माहीत, त्याची विभक्ती कुठली तेही माहीत, आणि मी गप्प. शेवटी तिनेच हसून इंग्रजी सुरू केलं. ‘हळू बोला प्लीज’ म्हणजे ‘लांगझामर बिटे’, हे दोन शब्द मला तेव्हा सुचले असते तरी चाललं असतं, पण परीक्षेत ते कधी कोणी विचारलंच नव्हतं ना.

तर तुझं तोंड उघडत नाही याचा अर्थ तुला इंग्रजी येत नाही असा नाही. पेपरात तुला एका वाक्याला दोन मिनिटं मिळतात, बोलताना एक सेकंद पण मिळत नाही. वाचलेलं ओळखणं हे एक काम आणि आयत्या वेळी डोक्यातून शब्द बाहेर काढणं हे वेगळं काम, आणि शाळेत आपण वर्षानुवर्षं पहिलंच काम करत असतो. पोहण्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिता येतं, पण पाण्यात उतरलं की हातपाय वेगळेच चालतात ना, तसं.

याला उपाय आहे आणि तो इतका साधा आहे की लोक करत नाहीत. रोज दहा मिनिटं मोठ्याने. एखादी दोन मिनिटांची ऑडिओ क्लिप घे, एक वाक्य ऐक, पॉज कर, तसंच्या तसं म्हण, त्याच चालीत, लाज सोडून. मग फोनचा रेकॉर्डर चालू कर आणि काल काय काय झालं ते इंग्रजीत सांग, एक मिनिट. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत गाडी अडेल, अडू दे. जिथे अडली तो शब्द शोध आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट परत सांग. नवी गोष्ट नको, तीच. तिसऱ्या दिवशी ती सरळ येते आणि तेव्हा जे वाटतं ना, ते ८६ बघून वाटत नाही.

आता बाबा. बाबा चुकत नाहीयेत गं, निदान अर्धे तरी बरोबर आहेत. इंग्रजी हे आज अवजार आहे. पुढे विज्ञान घे, कायदा घे, काहीही घे, चांगली पुस्तकं आणि रिसर्च पेपर बहुतेक इंग्रजीत. आंतरराष्ट्रीय विमान उडवणाऱ्या पायलटला सुद्धा इंग्रजीची ठराविक पातळी, सहापैकी निदान चौथी, दाखवावी लागते. तेव्हा जपानी घेतलं म्हणून इंग्रजी ढिलं सोडलंस तर मी बाबांच्या बाजूने उभी राहीन. पण ‘सगळीकडे तेच चालतं’ हे जरा जपून म्हणायचं. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ज्या पेपरांनी फिजिक्स उलटंपालटं केलं ते सगळे जर्मनमध्ये छापले गेले, कारण तेव्हा फिजिक्सची मोठी भाषा जर्मन होती. तेव्हाच्या बापांनी पोरांना नक्की सांगितलं असणार, जर्मन कर, जगात तेच चालतं. युरोपातल्या देशांनी २००२ मध्ये बार्सिलोनाच्या बैठकीत ठरवलं की प्रत्येक मुलाला मातृभाषा सोडून आणखी दोन भाषा लहानपणापासून शिकवायच्या, आणि त्यांच्याकडे पण इंग्रजी आहेच की, तरी ‘एक पुरे’ म्हणाले नाहीत.

फोनचं म्हणशील तर मी रोज वापरते, उगाच नाकं मुरडणार नाही. मेल आला, फॉर्म भरायचाय, पाटी वाचायचीय, फोन बेस्ट. पण एक गंमत करून बघ. मराठीत लिही, ‘आम्ही उद्या जातोय’. मग लिही, ‘आपण उद्या जातोय’. इंग्रजीत दोन्हीचं ‘वी’. आता तू मला मेसेज केलास ‘आम्ही जातोय’ तर मी घरी, आणि ‘आपण जातोय’ तर मी बॅग भरायला घेणार, एवढा फरक! इंग्रजी माणसाला हा फरक भाषेत दिसतच नाही, त्याला वेगळं सांगावं लागतं. आणि उलट बाजूने इंग्रजीतलं ‘वी’ मराठीत आणताना फोनला अंदाज मारावा लागतो. ‘यू’ चं पण तेच, तू की तुम्ही? वर्गात चार जण गप्पा मारत असताना एक जण फोन पुढे करून थांबा थांबा म्हणतोय हे चित्र डोळ्यांपुढे आण, त्याच्याशी किती वेळ गप्पा होतील? त्याचं काम होईल. मैत्री होईल का, माहीत नाही बाई.

आणि हे आम्ही-आपण तुला मराठीच्या पुस्तकात कधी जाणवलं होतं का? मला नव्हतं. ते मला दुसऱ्या भाषेत गेल्यावर दिसलं. आपली भाषा आपण आतून बघतो म्हणून ती दिसत नाही, चष्मा डोळ्यावर असताना चष्मा दिसत नाही तसं.

आता येते मुद्द्यावर, म्हणजे इंग्रजी कच्चं असताना अजून एक भाषा का. माझं मत ऐक, पटलं तर घे. इंग्रजी तू एवढी लहान असताना सुरू केलंस की ते कसं शिकलीस हे तुला आठवत पण नाही, आणि त्याला लाज चिकटलीय. इंग्रजी चुकलं की लोक हसतात, हुशारीचं माप त्यावर लावतात. जपानीत तुला कोण हसणार? वर्गातल्या सगळ्यांना शून्य येतं. तिथे तू चुकायची सवय लावून घेशील, आणि चुकत चुकत बोलायची ती सवय इंग्रजीकडे आपोआप येते. शिवाय तू पहिल्यांदाच एक भाषा मोठ्या डोक्याने, जागेपणी शिकशील, म्हणजे आपल्याला शब्द कसे लक्षात राहतात, ऐकून की लिहून, कुठे घोटाळा होतो हे तुझं तुला कळेल. ही माहिती नंतर कुठल्याही भाषेला चालते. माझं स्वतःचं इंग्रजीतलं ‘ए’ आणि ‘द’ जर्मन शिकल्यावर सुधारलं, शप्पथ. मराठीत हा प्रकार नाहीच त्यामुळे मी ‘द’ मीठ भुरभुरल्यासारखं कुठेही टाकायचे.

आता मराठी येणाऱ्या मुलीला या भाषा किती जवळच्या पडतात ते बघ, हे कोणी सांगत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. इंग्रजी बोलणारे रडतात त्यावर. आपल्याकडे तो-ती-ते जन्मापासून आहे. त्यांच्याकडे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, आणि मुलगी म्हणजे ‘मेटशेन’ ती पण नपुंसकलिंगी, यावर सगळे हसतात, पण आपण ‘ते मूल’ म्हणतोच ना, आणि लाडात आलो की ‘ते पोरगं’ पण. ‘कारण मी आजारी आहे’ हे जर्मनमध्ये ‘वाइल इश क्रांक बिन’. वाइल म्हणजे कारण, इश मी, क्रांक आजारी, बिन आहे. शब्दाला शब्द, त्याच रांगेत! साध्या वाक्यात ते क्रियापद पुढे आणतात हे खरं, पण ‘कारण’ नंतर ते शेवटी ढकलतात आणि इंग्रजीवाल्यांची तिथे फे फे उडते.

आणि जपानी तर विचारूच नकोस. ‘मी पुस्तक वाचते’ हे ‘वाताशी वा होन ओ योमिमास’. वाताशी म्हणजे मी, होन म्हणजे पुस्तक, योमिमास म्हणजे वाचते. क्रियापद शेवटी, आणि ते ‘वा’, ‘ओ’ वगैरे शब्दाच्या मागून लागतात, आपले ‘ला’, ‘ने’, ‘त’ लागतात तसे. प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी काय लावतात माहितीय? ‘का’. इकिमास म्हणजे जातो, इकिमास का म्हणजे जाता का! आणि ‘छान आहे ना’ मधल्या त्या ‘ना’ ला त्यांच्याकडे ‘ने’ आहे. इइ देस ने. दोन्ही भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही बरं का, हा निव्वळ योगायोग, पण कानाला घरचं वाटतं. उच्चाराचं पण तसंच. ‘त्सु’ म्हणताना इंग्रजी माणूस धडपडतो, आपल्याकडे चंद्रातला च वेगळा आणि चांगल्यातला च वेगळा, तो चांगल्यातला च जवळपास तोच. (जर्मनमधल्या झेडला पण तोच चालतो, एका दगडात दोन पक्षी.)

म्हणजे सोप्पं आहे का? नाही, अजिबात नाही. लिपी मारून टाकते. हिरागाना ४६ अक्षरं, तेवढीच काताकाना, ती महिन्यात होतात. मग कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं. रोजच्या वापरासाठीची सरकारी यादीच २१३६ कांजींची आहे आणि बहुतेकींचे दोन-तीन उच्चार. अमेरिकेत परराष्ट्र खात्याच्या लोकांना भाषा शिकवणारी संस्था आहे, त्यांचा हिशोब असा की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती यायला साधारण ६०० ते ७५० तास वर्गात लागतात, जर्मनला ९०० च्या आसपास, आणि जपानीला २२००. तुला वाक्यरचनेत सूट मिळेल, कांजीत एक पैशाची सूट नाही.

आता शाळेचा हिशोब कर. आठवड्याला चाळीस मिनिटांचे तीन तास, म्हणजे खरे दोन तास. वर्षात सुट्ट्या, परीक्षा, गॅदरिंग वजा जाता पस्तीस आठवडे धरले तर सत्तर तास. दोन वर्षांत १४०. एवढ्यावर कुठलीही भाषा ‘येत’ नाही. युरोपात पातळ्या ए१ ते सी२ अशा मोजतात, त्यात इंग्रजीच्या परीक्षा घेणारे केंब्रिजवाले इंग्रजीसाठी सांगतात की ए२ ला १८० ते २०० तास आणि बी२, म्हणजे जिथे कॉलेज किंवा नोकरीचा विषय सुरू होतो, तिथे ५०० ते ६००. तेव्हा शाळेत फॉरेन लँग्वेज घेतली म्हणजे उद्या परदेशात नोकरी, असं कोणी सांगितलं तर हो हो म्हण आणि विसरून जा. जर्मनीत पदवीचे बरेचसे कोर्स जर्मनमधूनच असतात आणि तिथे साधारण सी१ च्या आसपासचं जर्मन मागतात, ती पातळी शाळेच्या तासांनी नाही गाठता येत. शाळेत पाया होतो. तो पाया तुझ्या वयात घालण्याला अर्थ आहे हे मात्र खरं. २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, जवळपास ६ लाख ७० हजार लोकांनी ऑनलाइन दिलेल्या इंग्रजी ग्रामरच्या चाचणीवर, त्यात दिसलं की ग्रामर उचलायची ताकद साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरायला लागते. मोठेपणी शिकताच येत नाही असं नाही हं, मी पस्तिशीत परत जर्मन धरलं आणि येतंय, पण तुला जे तीनदा ऐकून येईल ते मला तीसदा.

म्हणून अट. शाळेच्या तासांखेरीज रोज वीस मिनिटं, रविवार धरून. एका रविवारी दोन तास बसून भरून काढीन हे भाषेत चालत नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर उडतं आणि मध्ये मध्ये उजळणी केली की टिकतं. त्यावर १९७२ मध्ये लाइटनर नावाच्या माणसाने कार्डांचा डबा काढला, तो आजही सगळ्यात स्वस्त क्लास आहे. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे कर. शब्द लिहिलेली कार्डं पहिल्या कप्प्यात, तो कप्पा रोज बघायचा. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्या कप्प्यात, तो दोन-तीन दिवसांनी बघायचा, मग तिसरा आठवड्याने, असं पुढे. चुकलं की कार्ड थेट पहिल्या कप्प्यात, चौथ्यात असलं तरी! राग येतो, पण तो शब्द मग जन्मात विसरत नाही. फक्त एक कर, कार्डावर सुटा शब्द नको, तुझं स्वतःचं वाक्य लिही. ‘पाऊस’ नको, ‘काल पावसात माझी वही भिजली’ असं. याच डब्यात इंग्रजीची पण कार्डं टाक, वेगळ्या रंगाची, बाबा पण खूश.

ॲनिमेबद्दल घरी ऐकून घेत असशील, टाइमपास वगैरे. माझ्या मते तेच तुझं सगळ्यात भक्कम कारण आहे. मला जर्मनमध्ये मार्कांशिवाय काही नको होतं म्हणून मार्क मिळाल्यावर ते संपलं. तुला ऐकायला काहीतरी आहे, तेही रोज. फक्त सबटायटल चालू ठेवून दोनशे एपिसोड बघितले तरी जपानी येत नाही, हे तुझ्या दोन वर्षांनी सिद्धच केलंय. आधी पाच मिनिटांचा एक तुकडा सबटायटलसकट बघ, मग बंद करून परत, मग एक वाक्य पकडून म्हण. आणि तिथली हाणामारीतली भाषा टीचरसमोर वापरू नकोस हं, जपानीत आपल्या तू-तुम्हीपेक्षा कितीतरी जास्त पायऱ्या आहेत आदराच्या, आणि ॲनिमेतले हिरो बहुतेक सगळ्यात खालच्या पायरीवर उभे राहून ओरडत असतात.

स्कोअरिंगबद्दल एवढंच, की दोन वर्षं नको असलेला विषय ओढणं हे पण कष्टाचंच काम आहे. जर्मन भाषा म्हणून मला फार आवडते, पण तुझ्या पूर्ण पत्रात तिच्याबद्दल ‘स्कोअरिंग’ सोडून दुसरा शब्द नाही. कॉम्प्युटरबद्दल तर तेवढाही नाही.

एक चौकशी मात्र फॉर्म भरायच्या आधी कर. ज्या दीदींनी गेल्या वर्षी जपानी घेतलं होतं त्यांना गाठ आणि विचार, वर्गात तुम्ही बोलता का? का सर उत्तरं फळ्यावर लिहितात आणि तुम्ही उतरवून घेता? एखादीला म्हण, तू सकाळपासून काय केलंस ते जपानीत सांग. मोडकंतोडकं चार वाक्यं बोलली तर वर्ग चांगला आहे. ‘अगं पेपरात ते येत नाही’ म्हणाली तर वर्गाच्या भरवशावर राहू नकोस, मग ती वीस मिनिटं तीस कर आणि बोलायला एखादी मैत्रीण पटव. तेही जमणार नसेल तर खुशाल कॉम्प्युटर घे आणि जपानी घरी सुट्टीत कर, माझी हरकत नाही.

आणि आज सोमवार आहे असं धरून शुक्रवारपर्यंत एक करून बघ. हिरागानाचा तक्ता उघड. त्यातल्या स्वरांचा क्रम आहे अ, इ, उ, ए, ओ. पुढची रांग का, की, कु, के, को. मग स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच, बौद्ध भिक्खूंबरोबर संस्कृतचा अभ्यास तिकडे गेला, त्यातून हा क्रम आला, म्हणजे तुझी बाराखडीच आहे, फक्त कपडे बदलून. पहिल्या दोन रांगा, दहा अक्षरं, रोज दहा वेळा हाताने लिही, मोठ्याने म्हणत म्हणत. गुरुवारी रात्री तू न सांगता तिसरी रांग उघडलेली असशील तर जपानीवर टिक कर. आणि मग मला कळव, त्या पहिल्या ‘अ’ ची गाठ सुटली का ते, मला अजून तो काढता येत नाही.

– ताई